दोनशे तेहतीस दातांचं सूर्यफूल

ही गोष्ट कोणालाच खरी वाटत नाही. ज्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली त्यांनाही हल्ली वाटेनाशी झाली आहे, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते. तेव्हा बसा. चौथी पायरी सोडून कुठल्याही पायरीवर बसा, चौथीवर कपड्याखाली सामान आहे. वरच्या दारामागे घरघर चालली आहे तिकडे लक्ष देऊ नका. आणि ही डोक्यावरची ट्यूब फडफडते आहे म्हणून तक्रार करू नका, तिची पाळी यायची आहे.

तर या इमारतीत एक होते कवळीकाका. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दात बसवले. दाताचे डॉक्टर तोंडात बघायचे, ठसा घ्यायचे, पैसे घ्यायचे. पण त्या ठशावरून कवळी घडवायचं खरं काम कवळीकाकांचं. आसपासच्या चार गल्ल्यांत जे काही चावलं जात होतं त्यातलं निम्मं त्यांच्या हातचं. लग्नाच्या फोटोत एखादी आजी मोकळी हसताना दिसली की काका फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "हे हसू माझं." आजीच्या घरच्यांना ते आवडत नसे, पण सत्याला इलाज नाही.

काम थांबलं, हात थांबले नाहीत. घराच्या मागच्या बाजूला सहा बाय आठची एक खोली होती, ती त्यांचं कारखानदारीचं साम्राज्य. भिंतीवर फळी, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे हसतमुख. पाहुणे चुकून त्या खोलीत गेले तर बाहेर येऊन चहा नको म्हणायचे. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी, तिच्यात उरलेसुरले दात: पुढचे, सुळे, दाढा, रंगाच्या नंबराप्रमाणे पुड्या बांधून ठेवलेले.

काकूंचा डोळा त्या खोलीवर होता. काकूंना शिवणक्लास काढायचा होता. पंचवीस वर्षं त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गॅसकडे पाठ करून, चार इमारतींचे ब्लाउज शिवत होत्या.

"सहा जणींनी हो म्हटलंय," काकू म्हणायच्या. "मशिनं त्या घेऊन येणार आहेत. फक्त जागा हवी. तुमच्या जबड्यांना कोणी हो म्हटलंय का?"

"जबडे कोणाच्या हो-ची वाट बघत नाहीत," काका म्हणायचे. उत्तर छान होतं, पण त्याला अर्थ नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

अशात एके दिवशी फुलवाल्याने काकूंना एक शिळं सूर्यफूल फुकट दिलं. पाकळ्या गळलेल्या, मधली चकती तेवढी राहिलेली, ताटलीएवढी. काकू ती केराच्या डब्यात टाकणार एवढ्यात काकांनी झडप घातली. म्हणजे त्यांना फुलांची आवड होती अशातला भाग नाही. त्यांना त्या चकतीत दात दिसले. एकाला एक चिकटून बसलेल्या हजारभर बिया, आणि एकही वाकडी नाही, एकही दुसरीच्या अंगावर चढलेली नाही. काकांनी टाचणी घेतली आणि मोजायला बसले. उजवीकडे वळणाऱ्या रांगा चौतीस. डावीकडे वळणाऱ्या पंचावन्न. पुन्हा मोजल्या. तितक्याच.

"अगं, हे कोणीतरी बसवलंय," काका म्हणाले. चाळीस वर्षांत एका वेळी चौदा दात बसवताना त्यांच्या तोंडाला फेस यायचा. चौदावा बसवला की तिसरा हलायचा. आणि इथे कोणीतरी हजार बसवून, सही न करता, निघून गेलं होतं.

त्यांनी भाच्याला फोन लावला. भाचा कॉम्प्युटरवर हलती चित्रं करतो, त्यामुळे घरात त्याला विद्वान समजतात. भाच्याने सांगितलं ते काकांनी नीट समजून घेतलं, तुम्हीही घ्या, अवघड नाही. सूर्यफूल प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून एका ठरावीक कोनात वळून बसवतं. कोन एकच, कधी बदलत नाही. आता तुम्ही तशीच चकती केलीत, ती गरागरा फिरवलीत, आणि दर वेळी ती बरोबर तेवढ्याच कोनातून वळली की क्षणभर उजेड पाडलात, तर प्रत्येक बी पुढच्या बीच्या जागी गेलेली दिसते. डोळ्याला चकती फिरताना दिसतच नाही. फूल आतून उमलतंय, उमलतंय, सतत उमलतंय असं दिसतं.

"सतत?" काकांनी विचारलं.

"मोटर बंद करेपर्यंत."

त्यांनी बनवलेल्या कवळ्यांनी आजवर खूप काही केलं होतं, पण त्या उमलल्या कधी नव्हत्या.

"कोन किती?"

"वन थर्टी सेव्हन पॉइंट फाइव्ह."

इथे काकांचा स्वाभिमान आडवा आला. "आमच्या घरात आकडे मराठीत बोलतात," ते म्हणाले. "नीट सांग, नाहीतर फोन ठेवतो."

पलीकडे भाचा बोटांवर काहीतरी करत असावा. मग चाचरत म्हणाला, "एकशे... साडेत्र्याहत्तर."

"शाब्बास," काका म्हणाले आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवला.

"आधी वेगळंच काहीतरी म्हणाला ना तो?" काकू भाजी निवडताना म्हणाल्या.

"आधी इंग्रजीत म्हणाला. तू मधे बोलू नकोस, गणित चाललंय."

त्याच दुपारी पैज लागली. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता, लोकांदेखत ते फूल उमललं तर खोली कायमची काकांची. नाही उमललं तर जबडे आणि पेटी भंगारवाल्याकडे, आणि सोमवारपासून खोलीत शिवणक्लास. काकूंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की काकांना खरं तर तेव्हाच भीती वाटायला हवी होती. पण उत्साहात माणसाला भीती वाटायला सवड मिळत नाही.

घाईने काम सुरू झालं. काकूंचं मधलं पातेलं पालथं घातलं, त्यावर हिरडीच्या रंगाचं गुलाबी मेण चढवलं, पुठ्ठ्याचा कोन कापला आणि एकेक दात बसू लागला. मधोमध लहान पुढचे, मग सुळे, कडेला दाढा. एकंदर दोनशे तेहतीस. आकडा भाच्याने सांगितला होता; या खेपेला त्याला एसेमेसमध्ये, इंग्रजीत लिहू दिलं होतं, कारण बोलण्यात दिवस गेले असते.

फिरवायला मोटर हवी होती. काकूंच्या शिलाई मशिनची मोटर उत्तम होती, पायडलसकट. मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून काकांनी मागितली नाही. बुधवारी दुपारी काकू एका गिऱ्हाइकाची बाही लावायला बसल्या, पायडल दाबायला पाय टाकला तो जमिनीवर पडला. त्या उठल्या, मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पालथं पातेलं बघितलं, मोटर बघितली.

"रविवारपर्यंत," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशीची भाजी मात्र काकांना बरेच दिवस आठवत होती.

आता राहिला उजेड. भाचा म्हणत होता तो झगझग करणारा खास दिवा दुकानात महाग होता. आणि तो घ्यायचा कशाला? जिन्याच्या या वळणावर, जिथे खिडकी नाही आणि भर दुपारी अंधार असतो, इथे दोन वर्षांपासून एक ट्यूब फडफडत होती. इतर ट्यूब बिघडतात तशी ही वेडीवाकडी बिघडलेली नव्हती. ती शिस्तीत फडफडायची. काकांनी स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून तिची गती मोजली आणि समाधान पावले. अशी ट्यूब पैसे देऊन मिळत नाही.

आणि नेमकी तीच ट्यूब शुक्रवारी बदलली जाणार होती. इमारतीच्या सेक्रेटरींच्या तक्रारवहीत तिच्याविरुद्ध अकरा तक्रारी होत्या, त्यातल्या तीन खुद्द काकांच्या सहीने. काका धावतच सेक्रेटरींकडे गेले.

"ट्यूब बदलू नका, अशी तक्रार लिहून घ्या," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. "बिघाड झाला तर तक्रार. बिघाड नाही झाला तर तक्रार नाही. बिघाड तसाच राहावा, याला रकाना नाही."

"मग अर्ज देतो."

"द्या. तीन प्रती. त्यात बिघाडाचं स्वरूप, बिघाडाचा कालावधी, आणि बिघाड दूर झाल्यास आपलं काय नुकसान होईल ते. सोबत वायरमनचा दाखला हवा, की ट्यूब खरोखर बिघडलेली आहे."

"अहो, ती दोन वर्षं तुमच्या डोक्यावर फडफडते आहे."

"माझं डोकं वायरमन नाही," सेक्रेटरी म्हणाले. मग जरा जवळ सरकून, आवाज उतरवून, "आणि हे बघा, ही वरची कवळी हल्ली टोचते आहे. तुमच्याच हातची. जरा घासून द्या रविवारपर्यंत. अर्जाचं बघतो मी." असं म्हणून त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि काकांच्या हातावर ठेवली. त्या क्षणापासून सेक्रेटरी खिमट खाऊन राहू लागले आणि त्यांच्या तोंडात 'स'चा 'फ' झाला.

वायरमनकडे वेगळाच प्रकार. तो मानी कारागीर निघाला.

"बिघडलीय म्हणून लिहून देतो," तो म्हणाला. "पण मी बघून गेलो आणि तरी बिघडलेलीच राहिली, असं कसं लिहू? धंद्याचा प्रश्न आहे, काका."

"मग काय करायचं?"

त्याने विचार केला. "किती बिघडलेली हवी ते सांगा. मी मुद्दाम तेवढी बिघडवून देतो. मग ते काम झालं."

काकांना हा माणूस मिठी मारण्याजोगा वाटला. वायरमनने दाखला लिहिला, स्टार्टर खरवडला, एक तार सैल केली, आणि ट्यूब होती त्याहून सुंदर फडफडू लागली. दोनशे रुपयांच्या पावतीवर "जिना: बिघाड करून दिला" असं लिहून तो गेला. ती पावती सेक्रेटरींनी फायलीत लावली आहे. कोणाला बघायची असेल तर बघा.

गुरुवारी सकाळी पहिली चाचणी. पातेलं चौथ्या पायरीवर मांडलं, वायर घरातून ओढली, काकांनी पायडलवर पाय ठेवला. शेजारचे दोन-चार जण वर-खाली जाता-जाता थांबलेच. मोटर घुरघुरली, ट्यूब फडफडली, आणि ते सूर्यफूल...

उमललं नाही. चावू लागलं.

खरंच सांगतो. मधोमध दातांच्या दोन वाकड्या रांगा झाल्या होत्या, एक वरची, एक खालची, आणि त्या एकमेकींवर येत होत्या, जात होत्या. गुलाबी हिरडीतलं ते अजस्र तोंड हवेत काहीतरी चघळत होतं, अगदी मन लावून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दळण तिथेच टाकून वर गेल्या. जे थांबले त्यांनी सल्ले दिले. एक म्हणाले, उलटं फिरवा, म्हणजे खाल्लेलं बाहेर येईल. दुसरे म्हणाले, मधे एक सोन्याचा दात बसवा, तेवढीच शोभा. सेक्रेटरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "याला फूर्यफूल म्हणतात?" काकांनी खाली मान घालून वायर गुंडाळली. काकूंनी दारातून सगळं पाहिलं होतं. हातात टेप घेऊन मागच्या खोलीची लांबी मोजायला गेल्या.

काकांनी भाच्याला फोन लावला. भाच्याने फोटो मागवला, बघितला, आणि विचारलं, "मामा, कोन किती घेतलात?"

"तू सांगितलास तोच. एकशे साडेत्र्याहत्तर."

"आकड्यात सांगा. म्हणजे एक, मग?"

"एक, सात, तीन."

"एक, तीन, सात हवा होता," भाचा बारीक आवाजात म्हणाला. "थर्टी सेव्हन म्हणजे त्र्याहत्तर ना?"

"थर्टी सेव्हन म्हणजे सदतीस," काका म्हणाले. त्यांना ओरडायचं होतं, पण 'शाब्बास' कोण म्हणालं होतं हे त्यांना आठवलं. भाचा शाळेपासून सदतीस आणि त्र्याहत्तर यांत गोंधळतो हे साऱ्या घराला ठाऊक होतं, आणि तरी मराठीतच बोल म्हणून दटावणारं तोंड त्यांचंच होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीवरचा आकडा खोडून एकशे साडेसदतीस असा अक्षरी लिहिला.

शुक्रवार, शनिवार. गुरुवारचा एकेक दात उपटायचा, मेण गरम करायचं, पुन्हा बसवायचा. पण काय सांगू, पन्नासावा दात बसला आणि काकांनी पुठ्ठ्याचा कोन खाली ठेवला. रांगा आपोआप उगवत होत्या. त्यांनी रांग बसवलीच नव्हती, ते फक्त कोन वळवत होते, आणि रांगा डावीकडून येत होत्या, उजवीकडून येत होत्या, एकमेकींतून आरपार जात होत्या. काका मधेच उठून काकूंना बोलवायचे, "अगं, ये, आता आठ झाल्या! आता तेरा झाल्या!" काकू यायच्या, बघायच्या, टेपने खिडकीची रुंदी मोजून जायच्या. पण तिसऱ्या खेपेला त्या टेप विसरून आल्या, हे काकांनी नोंदवून ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी शेवटच्या रांगेत सात दात कमी पडले. उपटताना सात फुटले होते. पेटी झाडली, पुड्या उलट्या केल्या, नाही. बेसिनजवळ वाटीत पाण्यात एक जुनी कवळी पडलेली दिसली. काकांनी तिचे सात दात काढले आणि बसवले. दोनशे तेहतीस पुरे झाले. कवळी कोणाची याचा विचार करण्याइतकं त्यांचं डोकं जागेवर नव्हतं, आणि हे मी त्यांचा मित्र म्हणून सांगतो.

रविवार, अकरा. जिना भरला होता. अगदी वरच्या मजल्यापर्यंत लोक कठड्यावरून वाकलेले. वायरमन आपलं काम बघायला नवा शर्ट घालून आला होता. सेक्रेटरी पहिल्या पायरीवर, तक्रारवही मांडीवर घेऊन. काकूंच्या त्या सहा शिष्याही आल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर भाडेकरूचा भाव होता.

काकांनी कपडा काढला. कोणीतरी वरून म्हणालं, "हेच गुरुवारी चावत होतं." काकांनी तिकडे बघितलं नाही. पायडलवर पाय ठेवला.

आता, चाळीस वर्षं ज्याने हाताने काम केलं त्याच्या पायाला काय कळणार? मोटर एकदम सुटली. पातेलं असं भन्नाट फिरलं की दात दिसेनात, नुसता गुलाबी धूर. काकांनी पाय उचलला, ते थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा धूर. त्यात लोकांच्या गर्दीने जिना तापला, मेण मऊ पडलं, आणि कडेचा एक दात सुटून सरळ सेक्रेटरींच्या मांडीवर, वहीवर येऊन पडला.

सेक्रेटरींनी तो उचलला. उजेडात धरला. बाजूला चहाचा तपकिरी डाग होता, तो त्यांच्या ओळखीचा होता.

"हा," सेक्रेटरी उभे राहत म्हणाले, "माझा फुळा आहे."

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खोली गेली, अब्रू गेली, सेक्रेटरींचे सात दात गेले. पण कवळीकाका म्हणजे काय लेचापेचा माणूस होता? त्यांनी सुळा मागून घेतला, मेणावर फुंकर मारली, सुळा जागच्या जागी बसवला. मग डोळे मिटले, आणि पायडलवर पाय असा ठेवला, असा, जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात.

मोटर कुरकुरली. पातेलं सावकाश, मग जरा जोरात, मग बरोबर तेवढंच. ट्यूबची फडफड आणि पातेल्याचं वळण यांची गाठ पडली, आणि दात उमलू लागले. मधल्या लहान दातांतून नवे दात निघत होते, बाजूला सरकत होते, मोठे होत होते, सुळे, दाढा, आणि कडेला जाऊन नाहीसे होत होते; आणि मधून आणखी येत होते, संपतच नव्हते. डावीकडून रांगा, उजवीकडून रांगा, कोणी कोणाला धक्का न देता. वायरमन रडला. सेक्रेटरी स्वतःच्या सुळ्याला आतून बाहेर जाताना बघत होते, पुन्हा पुन्हा, आणि म्हणाले, "फुंदर. फारच फुंदर." खालच्या दारातून एक मधमाशी आली, दोनदा घिरट्या घातल्या आणि बरोबर मधोमध उतरली. आणि काकू गर्दीतून पुढे आल्या, सगळ्यांदेखत टाळी वाजवली, आणि म्हणाल्या, "हरले मी. खोली तुमची, जन्मभर," आणि तेव्हापासून आजपर्यंत कवळीकाका त्या खोलीत एखाद्या राजासारखे...

"पायडल कोणाच्या पायाखाली होतं, तेवढं राहिलं सांगायचं."

वरचं दार उघडलं आहे. घरघर एकदम मोठी झाली आहे. दारात काकू उभ्या आहेत, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ती त्यांनी काढून पदराला टोचली आहे.

"आणि कवळीकाका, कवळीकाका काय? सरळ 'मी' म्हणा की. मधमाशी नव्हती, वायरमनच्या डोळ्यात मेण गेलं होतं. फूल उमललं हे मात्र अक्षरन् अक्षर खरं. पण तुमचा पाय बसला की त्याचे दात उडत होते. तेव्हा कोण म्हणालं, 'अगं, तुझ्या पायाला सवय आहे, तूच ये'? तुमच्या पायाने नाही, मी दाबलं तेव्हा उमललं ना? म्हणून खोली माझी. सहा मशिनं चाललीयत आत, ती काय या लोकांना ऐकू येत नसतील? सरका जरा. चौथीवरचा कपडा काढा, पायडल इकडे द्या. काजं व्हायला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात दाखवते यांना."